दोन किल्ल्यांचं टेंडर

निवृत्त होताना माणसं काय काय मागतात. कुणी एक्स्टेन्शन मागतं, कुणी सरकारी क्वार्टर आणखी थोडे दिवस मागतं, कुणी जावयाला कुठेतरी चिकटवा म्हणतं. भालचंद्र टिपणीसांना यातलं काहीच नको होतं. मयूर विहारच्या सोसायटीत स्वतःचा फ्लॅट होता, जावई नव्हताच, आणि एक्स्टेन्शन हा शब्द ऐकला तरी त्यांच्या गुडघ्यांत कळ यायची. त्यांना खरेदी विभागातून स्वच्छ बाहेर पडायचं होतं, बस. आपण गेल्यावर कुठल्या फाइलच्या समासात लाल शाईने ‘टिपणीस यांचा खुलासा घ्यावा’ असं कुणी लिहायला नको.

मागणं लहान वाटतं. पण दिल्लीतल्या सरकारी खरेदीत ज्याचे केस पांढरे झालेत त्याला विचारा. तिथे पैसे खाणारा सुखाने जातो, कारण त्याच्याबरोबर खाणारे त्याला सांभाळून घेतात. न खाणाऱ्याला कोण सांभाळणार? त्याने आपला ताळेबंद आपणच जुळवायचा.

टिपणीसांचं मंडळ डोंगराळ भागातल्या सरकारी वसतिगृहांना सामान पुरवायचं. खाटा, ताटं, बादल्या आणि दर हिवाळ्यात रजाया. रजाया गुलाटीच्या. म्हणजे तसा नियम नव्हता. नियमाप्रमाणे दरवर्षी टेंडर निघायचं, टेंडरपेटी बाहेर यायची, तिला दोन कुलपं लागायची, एक किल्ली खरेदीची आणि एक लेखा विभागाची. मग तीन पाकिटं यायची आणि तिन्हींवर गुलाटीच्या मुनीमाचं अक्षर असायचं. शेवटच्या दिवशी व्हरांड्यात गुलाटीची दोन धिप्पाड माणसं शेंगा खात बसायची. पाकीट घेऊन आलेल्या परक्या माणसाला ती इतक्या आपुलकीने रस्ता सांगायची, की तो थेट बसस्टॉपवरच पोचायचा. तीन निविदा आल्या म्हणजे स्पर्धा झाली, असं नियम म्हणतो. टिपणीसांना सगळं दिसायचं आणि सिद्ध काहीच करता यायचं नाही. मग ते आपल्या हातात होतं तेवढं करायचे. माल आला की गोदामात जाऊन एकेक गठ्ठा काट्यावर चढवायचे आणि ज्या रजाईत रुई कमी भरेल ती परत पाठवायचे. गुलाटी हात जोडून म्हणायचा, “साहब, आप तो सुनार निकले.” आणि परत नवी आणून द्यायचा.

टिपणीसांचं शेवटचं वर्ष आलं आणि त्याच वर्षी वरून हुकूम आला, की यापुढे खरेदी ई-टेंडरने. पेटी बंद, पाकिटं बंद, व्हरांडा बंद. मंडळात सुतक पडल्यासारखं झालं. ज्येष्ठ म्हणून नोडल अधिकारी टिपणीस. ते नोएडातल्या एका काचेच्या इमारतीत दोन दिवसांचं ट्रेनिंग करून आले, पाठोपाठ हिंदी पखवाड्यात ‘ई-निविदा : पारदर्शिता की ओर एक कदम’ या विषयावर भाषण केलं आणि दुसरं बक्षीस घेतलं. पहिलं संचालकांच्या पीएला मिळालं, पण ते दरवर्षीच मिळायचं.

ट्रेनिंगमधून प्रत्येकाला एकेक डोंगल मिळालं होतं, कॉम्प्युटरला खोचायचं, करंगळीएवढं, प्लास्टिकचं. शिकवणाऱ्या मुलाने सांगितलं होतं, ही तुमची सही आहे, कुणाला देऊ नका, पासवर्ड बायकोलाही सांगू नका. मंडळातल्या अधिकाऱ्यांनी परत आल्या आल्या आपापली डोंगलं कॉम्प्युटर ऑपरेटरच्या खणात टाकली आणि पासवर्डच्या चिठ्ठ्या त्यांनाच चिकटवल्या. सही करायला ऑपरेटर असताना साहेबाने कशाला हात लावायचा? एकट्या टिपणीसांनी ऐकलं. त्यांचं डोंगल कोटाच्या आतल्या खिशात, चष्म्याच्या घराशेजारी. विजयाबाईंनी एकदा कोट झटकताना विचारलं, “हे काय हो, तपकिरीची डबी?” तर म्हणाले, “माझी सही आहे.” पासवर्ड सांगितला नाही. बाईंनी विचारलाही नव्हता.

रजायांचं टेंडर ऑक्टोबरात ऑनलाइन लागलं. पेटीसारखीच इथेही दोन किल्ल्यांची पद्धत होती, दोन अधिकाऱ्यांनी मिळून उघडायचं. एक टिपणीस, एक लेखा विभागाचे. चार नावं घालायची सोय होती, पण बाकीच्या दोघांच्या डोंगलांची मुदत संपायचा प्रश्नच नव्हता, कारण ती कधी सुरूच झाली नव्हती. निविदा महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात उघडायच्या होत्या, टिपणीसांच्या निरोपाच्या आधी. तेवढ्यात सर्व्हर झोपला आणि मुदत आठवडाभर पुढे गेली. तारीख वाढवल्याच्या सूचनेवर टिपणीसांनीच सही केली. नवी तारीख त्यांच्या निवृत्तीनंतरची होती. त्यात त्यांना काही वावगं दिसलं नाही. पेटी एकाने लावावी, दुसऱ्याने उघडावी, चार्ज देतात तो कशासाठी?

मग निरोप. समोसे, गुलाबजाम, शाल, भिंतीवरचं घड्याळ. सगळे पांगल्यावर टिपणीस मागच्या अंगणात गेले, कारण त्यांच्या दृष्टीने खरा निरोप तिथे होता. मंडळात जुनी रीत होती : अधिकारी गेला की त्याचा शिक्का फोडायचा. लाखेवर मारायचा पितळी शिक्का, नावाचे रबरी शिक्के, सगळे केअरटेकरने दोन साक्षीदारांसमोर दगडावर ठेवून निकामी करायचे आणि रजिस्टरात नोंद करायची, म्हणजे मागाहून त्या नावाने कुणी काही छापायला नको. बरेच साहेब हे काम शिपायावर सोपवून निघून जात. टिपणीस समोर उभे राहिले.

केअरटेकर हरबंस लालने पितळी शिक्क्यावर हातोडा घातला. रबरी शिक्के कापले. मग टिपणीसांनी आतल्या खिशात हात घातला.

“और ये, हरबंस लाल.”

“ये क्या है साहब?”

“ये भी मेरी मुहर है. नई वाली.”

हरबंस लालने ते उलटंपालटं करून पाहिलं. “ये तो मेरे रजिस्टर में चढ़ी नहीं है. जो चढ़ी नहीं, वो कटेगी कैसे?”

“तो पहले चढ़ाओ, फिर काटो.”

त्याप्रमाणे झालं. एकाच शाईने वस्तू रजिस्टरात चढली आणि लगेच खालच्या ओळीत उतरली. प्लास्टिक पितळेपेक्षा लवकर हरतं. साक्षीदारांनी सह्या केल्या. टिपणीस शाल आणि घड्याळ घेऊन मेट्रोत बसले आणि घरी आल्यावर विजयाबाईंना म्हणाले, “सुटलो.” त्या दिवशी त्यांनी वरणभात दोनदा मागून घेतला.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या जागी आलेल्या राठीचा फोन आला. आवाज खुशीत होता. “सर, सात बिड आई हैं. सात. पानीपत से, लुधियाना से, मेरठ से. ज़रा अपना डोंगल लेकर आ जाइए, चाय भी हो जाएगी.”

टिपणीसांना आधी सात या आकड्याचंच सुख झालं. इतक्या वर्षांत त्यांनी तीनच्या पुढे मोजलं नव्हतं. मग उरलेलं वाक्य कानात शिरलं.

“राठीजी, वो तो तुड़वा दिया.”

“क्या तुड़वा दिया?”

“डोंगल. मुहर के साथ.”

पलीकडून राठीच्या खोलीतल्या पंख्याची करकर ऐकू आली. ती टिपणीसांच्या ओळखीची होती.

सूनबाई सुरुची नोएडाला कॉम्प्युटर कंपनीत होती. संध्याकाळी ती घरी आल्यावर टिपणीसांनी तिला, जणू शेजाऱ्याची गोष्ट आहे अशा सुरात, सगळं सांगितलं. तिने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

“बाबा, ते सील नव्हतं. ती किल्ली होती.”

“दोन्ही एकच. मुद्दा असा, की नवी बनवून मिळेल ना माझ्या नावाची?”

“नावाची मिळेल. हीच नाही मिळणार. हे बघा, त्या सात लोकांनी आपापलं पाकीट बंद केलं ना, ते तुमच्या किल्लीचं कुलूप लावून. कुलपं तुमची, पाकिटं त्यांची.”

“मग ज्यांनी कुलूप बनवलं त्या कंपनीला सांगा.”

“त्यांनाही नाही उघडता येत. कुणालाच नाही येत. तीच तर सगळी गंमत आहे यार बाबा, म्हणून तर ते सेफ असतं.”

“गंमत,” टिपणीस म्हणाले.

विजयाबाई आतून म्हणाल्या, “पण तुम्ही ट्रेनिंग केलं होतंत ना हो?”

टिपणीस निरोपाचं घड्याळ बरोबर चालतंय का ते बघायला उठले.

पुढे जे झालं ते मंडळाच्या शिरस्त्याप्रमाणे झालं. सातही निविदा रद्द. पुन्हा टेंडर काढायचं, तर थंडी दारात. वसतिगृहांना रजाया तर पाठवायलाच हव्यात, म्हणून जुन्या पुरवठादाराला जुन्या दराने मुदतवाढ. जुना पुरवठादार म्हणजे गुलाटी. ई-टेंडर आल्यापासून त्याच्या घशाखाली रोटी उतरत नव्हती, ती आता तुपासकट उतरली.

आणि मग टिपणीसांना फोन येऊ लागले. जुने सहकारी, बदलून गेलेले अधिकारी, ज्यांनी इतक्या वर्षांत कधी वाढदिवसालाही फोन केला नव्हता ते. सगळ्यांच्या आवाजात एक नवा आदर. “मान गए टिपणीस साहब. जाते जाते छक्का.” एकाने तर पद्धत विचारून घेतली. टिपणीस प्रत्येकाला सांगायचे, की अहो, मला माहीत नव्हतं. पलीकडचा माणूस हसायचा आणि म्हणायचा, “बिल्कुल, बिल्कुल.” जन्मभर प्रामाणिक राहून जो मान मिळाला नाही, तो एका हातोड्याने मिळाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फरक एवढाच, की बघणाऱ्यांना ते शुभलक्षण वाटत होतं.

दिवाळीला गुलाटी स्वतः आला. मागे ड्रायव्हर, ड्रायव्हरच्या हातात सुक्या मेव्याचा पेटारा आणि त्यावर घडी घातलेली मखमली रजाई. टिपणीसांच्या घरी तो कधी आला नव्हता. यायची हिंमत झाली नव्हती.

“साहब, हम आपको समझे नहीं,” तो सोफ्याच्या कडेवर बसून म्हणाला. खरंच त्याचे डोळे ओले होते. “ना कभी चाय पी, ना पानी. हम सोचते थे, ये आदमी अपना नहीं है. और आपने जो किया, वो अपना सगा भाई न करे.”

“गुलाटी, मुझे पता नहीं था.”

“पता किसको था, साहब.” त्याने एक डोळा बारीक केला.

“मैं सच कह रहा हूं.”

“मैंने कब कहा झूठ?”

विजयाबाई बाहेर आल्या. त्यांनी रजाई उचलली, हातावर तोलली, आणि हिंदीत, जी त्या राग आल्यावर फार शुद्ध बोलत, म्हणाल्या, “इसमें रुई पूरी है. बच्चों वाली में भी इतनी ही डालते हैं क्या?” गुलाटी उठला. पेटारा रजाईसकट परत नेण्यात त्याला अपशकुन वाटला असावा; तो त्याने खाली गेटवरच्या चौकीदाराकडे ठेवला आणि टिपणीस साहबांचा आहे म्हणून सांगून गेला. दोन दिवस तो पेटारा गेटवर होता. तोवर सोसायटीतल्या प्रत्येकाने त्याच्यावरचं गुलाटीच्या फर्मचं नाव वाचलं.

दक्षता विभागाने टिपणीसांचं पेन्शनसाठी लागणारं ना-हरकत पत्र रोखलं, तेव्हा संचालकांनी त्यांना बोलावून घेतलं. संचालक माणूस भला होता, म्हणजे भानगड आपल्या दारात येऊ नये अशी त्याची इच्छा मनापासूनची होती. त्याने दार लोटलं आणि म्हणाला, “खो गया लिख दीजिए. मेट्रो में गिर गया. थाने की एक रिपोर्ट, बस. खोने की कोई सज़ा नहीं है.”

हे खरं होतं. सरकारात हरवलेल्याला क्षमा आहे. फायली हरवतात, जीपा हरवतात, एकदा एक बोअरवेल हरवली होती. पण टिपणीस म्हणाले, “सर, रजिस्टर में चढ़ा हुआ है. गवाहों के दस्तखत हैं.”

“रजिस्टर भी खो सकता है.”

“हरबंस लाल के पास है. फिर उससे पूछेंगे.”

संचालकांनी सुस्कारा सोडला. ज्याला बुडायचंच आहे त्याला कितीदा हात द्यायचा?

दक्षता अधिकारी मिसेस सरला माथुर. चष्मा साखळीला, शाल खांद्याला, समोर थर्मास. टिपणीस त्यांना ओळखत होते. एकदोन चौकशांत नियम कुठल्या पानावर आहे हे सांगायला बाईंनी त्यांनाच बोलावलं होतं. आज ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले. खुर्ची तीच, पण या बाजूने ती बुटकी लागत होती.

“टिपणीस साहब, मेरे पास दो ही खाने हैं,” बाई म्हणाल्या. “जानते थे और तोड़ा, तो बेईमानी. नहीं जानते थे और तोड़ा, तो नालायकी. तीसरा खाना हो तो आप ही बताइए. नियम तो आपको मुंहज़बानी याद हैं.”

“नहीं जानता था.”

बाईंनी फाइलमधून एक कागद काढला. पखवाड्यातल्या भाषणाची प्रत. “जिस आदमी ने इस पर आधा घंटा भाषण दिया, इनाम लिया, वो नहीं जानता था? ये मैं ऊपर कैसे लिखूं? कोई मानेगा?”

इतके दिवस ते ज्याला त्याला ‘माहीत नव्हतं’ सांगत होते, पण का माहीत नव्हतं हे त्यांनी विजयाबाईंनाही सांगितलं नव्हतं. ट्रेनिंगच्या दुसऱ्या दिवशी, जेवणानंतर, त्या काचेच्या इमारतीत तो मुलगा फळ्यावर कुलपं आणि किल्ल्या काढत होता. वर्गात बाकी सगळे पोरांच्या वयाचे. मध्येच त्याने विचारलं, सगळ्यांना समजलं ना? आणि पहिल्या रांगेत बसलेल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाकडे पाहिलं. टिपणीसांना काही म्हणता काही समजलं नव्हतं. त्यांनी मान हलवली. त्यांची हललेली मान पाहून मागच्या सगळ्यांनी हलवली आणि मुलगा पुढच्या पानावर गेला. भाषण त्यांनी परिपत्रकावरून लिहिलं होतं. परिपत्रकात पारदर्शिता हा शब्द बऱ्याचदा होता, किल्ली एकदाही नव्हती.

हे त्यांनी हिंदीत, तुटक तुटक, टेबलाच्या काचेकडे बघत सांगितलं. मिसेस माथुरांनी मध्ये थर्मासचं झाकण उघडलं आणि न ओतता परत लावलं.

“लिख के दीजिए,” त्या म्हणाल्या.

टिपणीसांनी पेन काढलं. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या टिपणांत चुका काढल्या त्याला स्वतःवर टिपण लिहायला बराच वेळ लागला. ‘मुझे इस प्रणाली का पूर्ण ज्ञान नहीं था,’ असं त्यांनी लिहिलं आणि कागद पुढे सरकवला.

बाईंनी वाचून परत दिला. “पूर्ण काट दीजिए. पूर्ण लिखेंगे तो पूछा जाएगा कितना था.”

त्यांनी तो शब्द खोडला. खाडाखोडीवर नियमाप्रमाणे आद्याक्षरं केली. आता वाक्य फार मोकळं दिसत होतं, थंडीत अंगावरचं काढून घेतल्यासारखं.

“घर जाइए,” बाई म्हणाल्या. “हो जाएगा.”

जानेवारीत ना-हरकत पत्र आलं. हेतू अप्रामाणिक नव्हता, अनभिज्ञतेमुळे चूक, प्रकरण बंद. टिपणीसांनी ते दोनदा वाचलं आणि कपाटात ठेवलं. ज्यासाठी एवढं केलं ते हातात होतं. आनंद मात्र कुठे सापडेना. ती सात पाकिटं त्यांच्या डोक्यातून जात नव्हती. पानिपतच्या कुणी चांगला दर दिला असेल, मेरठच्या कुणी चांगली रुई. कुणास ठाऊक. आता ते कुणालाच कधी कळणार नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यासाठी टेंडर दुसऱ्यांदा निघालं तेव्हा त्या सातांपैकी फारसं कुणी फिरकलं नाही. एकदा तोंड पोळलेला माणूस सरकारी ताक कशाला पितो? तीन निविदा आल्या, तिन्ही एकाच दुकानातल्या एकाच कॉम्प्युटरवरून. गुलाटीच्या भाच्याने नोएडाच्या मार्केटमध्ये तेवढ्यासाठी गाळा घेतला होता. राठीचं डोंगल ऑपरेटरच्या खणात होतं, चिठ्ठीसकट, त्यामुळे उघडायला काही अडचण आली नाही. ई-टेंडर यशस्वी झालं म्हणून मंडळाच्या पत्रिकेत फोटोही आला.

मंडळात सगळ्यांना सगळं कळतं, तसं ते लेखी निवेदनही कळलं. कौतुकाचे फोन बंद झाले. एखादा नियम विचारायला राठी फोन करायचा, तोही थांबला. मग एका दुपारी गुलाटीचा आला. नेहमीचा गोडवा नव्हता.

“साहब, सुना है आपने लिख के दे दिया.”

“हां.”

“कि पता नहीं था.”

“हां.”

“मतलब, सच में नहीं पता था?”

“सच में.”

“अच्छा,” गुलाटी म्हणाला. आपल्या माणसाने दगा द्यावा तसा तो आवाज होता. “मैं तो लड़कों को आपकी मिसाल देता था.”

टिपणीसांनी विचारलं, “रजाइयां गईं?”

“कब की. बर्फ़ से पहले पहुंचा दीं.”

“वज़न किसने लिया?”

“वज़न?” गुलाटीला क्षणभर शब्दच ओळखीचा वाटला नाही. मग तो समजुतीच्या सुरात, थकलेल्या वडीलधाऱ्याशी बोलावं तसा म्हणाला, “अब सब ऑनलाइन है, साहब. आप आराम कीजिए.”

विजयाबाई बाल्कनीत उन्हाला बसून मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, “कोण होतं?”

“गुलाटी.”

“आता काय पाहिजे त्याला?”

“काही नाही,” टिपणीस म्हणाले. “आता त्याला माझ्याकडून काही नकोय.”

आणि वेताचा मोढा ओढून ते बाईंसमोर मटार सोलायला बसले.